ब्लाउजवरचे खडे का पडतात, आणि पडू नयेत म्हणून कसे लावायचे (दागिन्यातला खडा बसवायची पद्धत शेवटी आहे)

मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनी कुंकवाची डबी घेऊन आल्या. मला वाटलं हळदीकुंकवाचं बोलवायला आल्यात, उघडली तर आत २७ खडे. लेकीच्या साखरपुड्याचा ब्लाउज, मोरपंखी क्रेपचा, गळ्याला आणि बाह्यांना घरीच इस्त्रीने खडे लावलेले, आणि पोरगी पाटावर बसेपर्यंत निम्मी बाही मोकळी. वहिनींचं एकच म्हणणं, "खडेच डुप्लिकेट दिले गं दुकानदाराने." आता ब्लाउजवर खरे हिरे कोण लावतंय, डुप्लिकेटच असतात ते, पण पडले ते त्यामुळे नाही. मी डबीतला एक खडा उलटा करून त्यांच्या तळहातावर ठेवला. मागचा गोंद जसाच्या तसा, करडा, गुळगुळीत, त्यावर एक धागासुद्धा उमटलेला नाही. म्हणजे तो वितळलाच नव्हता, नुसता कापडाला टेकून बसलेला.

सांगलीत लग्नाचा सीझन सुरू झाला की असे ब्लाउज माझ्याकडे पिशव्या भरून येतात आणि चुका त्याच त्या चार-पाच, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी पडलेला खडा उलटा करून बघा

तुमचे खडे आधीच पडले असतील तर नवीन आणायच्या आधी हे करा. मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी दिसतं.

गोंद गुळगुळीत आणि पूर्ण असेल तर उष्णता कमी पडली. गोंदावर कापडाची वीण उमटलीय, जाळीसारखी, पण तरी निघाला, तर मग कापडावर खळ किंवा काहीतरी फिनिश होतं, किंवा गार व्हायच्या आधी हात लावला. गोंद खड्याला काहीच नाही आणि सगळा कापडावर राहिलाय, सोबत चंदेरी पापुद्रा पण कापडावरच, तर खड्याची मागची फॉइल सुटली, हे बहुतेक चुकीच्या गोंदाने नाहीतर स्वस्तातल्या खड्याने होतं. कारण कळल्याशिवाय परत तसेच चिकटवले तर परत तसेच पडणार.

१. खडा कुठला आहे ते ओळखा

दुकानात सगळ्यालाच "स्टोन" म्हणतात, इथूनच घोळ सुरू होतो. मारुती रोडच्या दुकानात एकाच पेटीत काचेचे, ॲक्रिलिकचे, हॉटफिक्स (म्हणजे मागे गोंद लावूनच आलेले, गरम केलं की चिकटणारे), बिनगोंदाचे सगळे शेजारी-शेजारी असतात. दोन प्रश्न विचारायचे.

पहिला, गोंद मागे आहे का? हॉटफिक्स खड्याची पाठ करडी, पांढुरकी, मंद दिसते. आरशासारखी चकचकीत चंदेरी पाठ असेल तर तो साधा फ्लॅटबॅक, त्याला गोंद वेगळा लावावा लागतो, इस्त्री फिरवून काही उपयोग नाही. हे बघितल्याशिवाय इस्त्री तापवणारे लोक मी मोजायचे सोडून दिलेत.

दुसरा, काच की प्लास्टिक? काच ओठाला लावली की गार लागते, दातावर हळूच वाजवली तर टक असा कडक आवाज येतो, आणि मूठभर हातात घेतली की वजन कळतं. ॲक्रिलिक कोमट आणि हलकं. खात्री नाही झाली तर एक खडा वाया घालवा, सुई तापवून कडेला टेकवा, प्लास्टिक असेल तर लगेच खळगा पडतो आणि वास येतो. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपासच मऊ व्हायला लागतं आणि हॉटफिक्सचा गोंद नीट वितळायला कापडापाशी १५० च्या जवळपास उष्णता लागते, तेव्हा ॲक्रिलिकचा खडा इस्त्रीखाली गेला की त्याचे पैलू बसतात आणि तो चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा दिसतो. प्लास्टिकच्या अर्ध्या मोत्यांचं पण तेच, वरचा रंग सालीसारखा निघतो.

साइज एसएसमध्ये, म्हणजे स्टोन साइजच्या आकड्यात असते. एसएस ६ म्हणजे साधारण २ मिमी, एसएस १० म्हणजे २.८, एसएस १६ म्हणजे ४ आणि एसएस २० म्हणजे पावणेपाच मिमीच्या आत-बाहेर. गळ्याच्या कडेला १०, मध्ये फुलाला १६, बुट्टीला ६. ब्लाउजवर २० च्या पुढचे खडे नुसत्या गोंदावर ठेवू नका, पदर अडकतो आणि खेचतो, तिथे भोकं असलेले शिवायचे खडे घ्या, आरी वर्कवाल्या काय वेड्या म्हणून शिवत नाहीत.

सावध: जुन्या दागिन्यातून काढलेला खडा ब्लाउजवर लावायच्या विचारात असाल तर आधी सराफ कट्ट्यावर दाखवून या. आजीच्या कुडीतला लाल खडा काच पण असू शकतो, कृत्रिम माणिक पण आणि खरं पण, आणि कृत्रिम माणिकाची रासायनिक घडण खऱ्यासारखीच असते त्यामुळे घरी बघून कळत नाही. पांढऱ्याचं तर अजून अवघड. अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया, तेवढ्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त वजनदार असतो आणि हिरा तपासायच्या पेनसारख्या टेस्टरवर पकडला जातो. पण मोइसनाइट, हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा, त्या साध्या टेस्टरवर हिरा म्हणून पास होतं, कारण ते मशीन फक्त उष्णता किती झटकन वाहून जाते ते बघतं आणि त्यात मोइसनाइट हिऱ्याच्या जवळ जातं. लॅबमध्ये वाढवलेला हिरा तर पास होणारच, तो हिराच आहे. फुंकर मारून धुकं किती वेळ राहतं ती टेस्ट विसरा. आणि दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी नंबर आहे म्हणून खडा खरा असं समजू नका, तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही.

२. कापड तयार करा, आणि शिलाईचा क्रम ठरवा

इथे सगळ्यात जास्त खडे पडतात, म्हणजे पडायचे असतात ते इथेच ठरतं.

नवीन कापडाला खळ असते, सिंथेटिकला मऊपणासाठी काहीतरी फिनिश मारलेलं असतं, आणि गोंद त्या थराला चिकटतो, सुताला नाही. पहिल्या धुण्यात थर गेला की खडा पण गेला. त्यामुळे धुता येणारं कापड असेल तर साध्या साबणाने धुवा, सुगंधी कंडिशनर अजिबात घालू नका, वाळवा, इस्त्री करा. पैठणीचा काठ किंवा सिल्क धुता येत नाही, तिथे चाचणीवरच भिस्त. पावसाळ्यात, इकडे कृष्णेचं पाणी चढायला लागलं की कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात तेव्हा तर खडे लावायच्या आधी रिकामी इस्त्री पाच-दहा सेकंद त्या जागेवर दाबून दमटपणा काढा.

एक छोटी तपासणी: कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. शिरला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला तर त्या कापडावर हॉटफिक्स धरेल याचा भरवसा धरू नका, शिवायचे खडे घ्या.

आता क्रम. लोक ब्लाउज पूर्ण शिवून आणतात, अस्तर लावलेलं, पॅड बसवलेलं, आणि मग मागून इस्त्री करतात. अस्तर आणि वरचं कापड यांच्यात हवा राहते, उष्णता पोचतच नाही. वहिनींचं नेमकं हेच झालेलं, त्यांनी दोन मिनिटं इस्त्री दाबली म्हणे, पण दाबली ती अस्तरावर. पॅडच्या जागी तर फोम असतो, तो उष्णता पण अडवतो आणि स्वतः पण चपटा होतो.

योग्य क्रम असा की कटिंग झाल्यावर, अस्तर जोडायच्या आधी, सुट्या बाहीवर आणि पाठीवर खडे लावायचे, आणि शिलाईच्या रेषेपासून दोन सेंटीमीटर जागा मोकळी सोडायची. नाहीतर मशीनच्या फूटखाली खडा आला की सुई मोडते आणि टेलरताई तुमच्या नावाने शंख करते. गळ्याच्या कडेचे खडे मात्र पायपिंग झाल्यावरच, आणि ते वरून, हॉटफिक्स पेनने, म्हणजे टोक तापणाऱ्या विजेच्या पेनने. गळ्याला आतून चिकट कॅनव्हास असेल तर इस्त्री जास्त वेळ दाबू नका, त्याचा गोंद पण त्याच उष्णतेला सुटतो आणि गळ्याला फुगे येतात, ते परत बसत नाहीत.

३. मोजा आणि आखा

अंदाजाने आणायला जाऊ नका. खडे ग्रोसवर मिळतात, एक ग्रोस म्हणजे १४४ नग. समजा गळ्याची गोलाई ६० सेंटीमीटर आणि दोन्ही बाह्यांची कड मिळून ६०, आणि दर सेंटीमीटरला एक एसएस १०, तर १२० खडे. एक ग्रोसमध्ये २४ उरतात, तेवढे हवेतच, पडणारे-हरवणारे-चाचणीचे. पण तेच खडे एकमेकाला चिकटून लावायचे म्हणाल तर त्याच १२० सेंटीमीटरला ४०० च्या वर लागतील, म्हणजे तीन ग्रोस. सगळे एकाच वेळी आणा, पुढच्या वेळी तोच शेड मिळेल याची गॅरंटी नाही, पांढरा पण चार प्रकारचा असतो.

आखायला पाण्याने जाणारा पेन किंवा टेलरचा खडू. उष्णतेने पुसणारे पेन हल्ली मिळतात, पण हॉटफिक्ससाठी नको, पहिल्याच दाबाला सगळी आखणी गायब होते आणि तुम्ही बसता खडे हातात घेऊन. बाहीची मधली रेघ आधी मारा, खडे मध्यापासून कडेकडे लावत जा. एका टोकाकडून सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला हमखास अर्धा खडा उरतो.

४. चाचणी, ही टाळायची नाही

कटिंगमधला तुकडा ठेवा. त्याच कापडावर, त्याच इस्त्रीने तीन खडे लावा, एक १० सेकंद, एक १५, एक २०. पूर्ण गार होऊ द्या. मग नखाने बाजूने ढकला, वरून उपटू नका, बाजूने. जो हलत नाही आणि कापड पण पिवळं पडलं नाही तो तुमचा वेळ. मग तो तुकडा रात्रभर पाण्यात भिजत टाका आणि सकाळी परत ढकलून बघा.

जरीवर वेगळी चाचणी. हल्लीची बरीच जरी प्लास्टिकच्या पट्टीची असते, गरम लागली की आक्रसते आणि काठाला सुरकुत्या पडतात. काठाच्या कोपऱ्यात, आत दुमडणाऱ्या भागावर आधी टेकवून बघा.

५. इस्त्रीने लावताना

तयारी: कडक टेबल, त्यावर चारपदरी सुती चादर. गादीवर करायचं नाही, खडा खाली दबतो आणि दाब मिळतच नाही. स्टीम इस्त्री असेल तर पाणी पूर्ण काढून टाका, आणि लक्षात ठेवा की तिच्या तळाला भोकं असतात, भोकाखाली आलेल्या खड्याला उष्णता कमी मिळते, म्हणून साधी जड इस्त्री बरी. खडे सरकू नयेत म्हणून हॉटफिक्स टेप मिळते, चिकट बाजूवर खडे उलटे मांडायचे, म्हणजे गोंद तुमच्याकडे, आणि मग टेप कापडावर पालथी घालायची.

वर बटर पेपर ठेवा. सुती कापडाला इस्त्री कॉटनवर, क्रेप-जॉर्जेटसारख्या पॉलिस्टरला मधल्या आकड्यावर आणि थोडा जास्त वेळ. इस्त्री ठेवा, दाबा, उचला. फिरवायची नाही! फिरवली की वितळलेल्या गोंदावर खडे घसरतात आणि रांग वाकडी होते. एका जागी चाचणीत ठरलेली सेकंदं, मग उचलून पुढच्या जागी. अस्तर नसेल तर शेवटी कापड उलटं करून मागून दहा सेकंद, यानेच गोंद सुतात ओढला जातो, आणि हीच पायरी लोक गाळतात.

मखमल असेल तर इस्त्री विसरा, लव कायमची बसते. नेटवर खाली पण बटर पेपर हवा, गोंद जाळीतून खाली येतो आणि ब्लाउज टेबलाला चिकटतो (माझा चिकटलाय, चादरीसकट).

मधेच लाइट गेली तर अर्धवट गरम इस्त्रीने पुढे ओढत बसू नका. जिथपर्यंत झालं तिथे खडूने खूण करा आणि चहा घ्या.

पेनने लावत असाल तर

खड्याच्या साइजचं टोक लावूनच प्लग लावा, गरम झाल्यावर टोक बदलायला गेलात तर बोटाला फोड ठरलेला. पाच मिनिटं तापू द्या. खडा सरळ ठेवून वरून पेन टेकवला की तो टोकात बसतो, मग पेन उलटा करून गोंदाकडे बघत राहा. आधी कडेला चकाकी येते, मग सगळा गोंद ओला दिसतो, त्या क्षणी कापडावर टेकवायचा आणि दोन-तीन सेकंद दाबायचा. बुडबुडे जोरात यायला लागले म्हणजे उशीर झाला, गोंद जळतोय. खडा टोकातच अडकला तर टोकाच्या फटीतून टाचणीने ढकला, बोटाने नाही.

६. गार होऊ द्या

टेप लगेच ओढायची नाही. हात लावून गार लागेपर्यंत थांबा, मग हळूहळू आडवी सोलत काढा. टेपबरोबर खडा उचलला जात असेल तर टेप परत खाली बसवा आणि परत दाब द्या, तो खडा काढून वेगळा चिकटवायच्या भानगडीत पडू नका. सगळं झाल्यावर कापड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी जरा ताणा, झटका द्या. पडायचे ते घरी पडू देत.

७. बिनगोंदाचे खडे: गोंद कुठला?

पांढरा फेविकॉल नको, पाण्याने सुटतो. पाच-दहा रुपयांच्या ट्यूबमधला झटपट गोंद तर मुळीच नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो, कापड वाकलं की तुटतो, त्याच्या वाफेने खड्यावर पांढरा धुरकटपणा येतो जो पुसून जात नाही, आणि सुती कापडावर जास्त सांडला तर एवढा गरम होतो की चटका बसतो.

वाळल्यावर रबरासारखा लवचीक राहणारा गोंद हवा. बी-७००० नावाची ट्यूब मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात सहज मिळते, ते लोक स्क्रीन चिकटवायला वापरतात. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो, आणि गॅसजवळ बसू नका. मोहरीएवढा थेंब कापडावर, मिनिटभर थांबून त्यावर खडा, आणि असा दाबायचा की खड्याच्या कडेला गोंदाची बारीक गोल रिंग दिसेल. रिंग दिसली नाही तर गोंद कमी, खड्याच्या पैलूवर चढला तर जास्त. २४ तास हात नाही, आणि पाणी लावायचं असेल तर ४८ तास थांबा. म्हणजे उद्या लग्न आहे आणि आज रात्री खडे लावते असं चालत नाही, आणि दरवेळी तेच चाललेलं असतं.

अंगाला ताणून बसणाऱ्या कापडावर, गॅदरिंगच्या डान्स ड्रेसवर वगैरे, आत पुठ्ठा घालून कापड अंगावर ताणलं जाईल तेवढं ताणून मगच लावा.

८. दागिन्यातला पडलेला खडा

नथ, ठुशी, इमिटेशनचा सेट, पद्धत एकच.

आधी खड्याचं घर साफ करा. जुना गोंद टाचणीने खरवडा. नेलपेंट रिमूव्हर लावायचा मोह होतो, पण त्यातलं ॲसिटोन प्लास्टिकचे मोती आणि ॲक्रिलिक खडे खराब करतं, शेजारी मोती असतील तर लावूच नका. नवीन खडा आणायचा असेल तर दागिनाच दुकानात न्या, घराचं माप मिमीमध्ये घेऊन. अर्ध्या मिमीचा फरक पडला तरी खडा एकतर बसत नाही नाहीतर आत बुडतो.

गोंदाशिवाय खडा ठेवून बघा, सरळ बसतोय ना. मगच गोंद. बारीक खडा चिमट्याने उडून कपाटाखाली जातो, त्यापेक्षा अगरबत्तीच्या काडीच्या टोकाला जरासं मेण लावा आणि त्याने उचला. गोंद दोन ट्यूबचा, म्हणजे एपॉक्सी, समान मापात कालवून, घराच्या तळाला टाचणीच्या टोकावर येईल एवढाच. खडा ठेवा, दागिना गव्हाच्या किंवा तांदळाच्या वाटीत असा खोचा की खडा आभाळाकडे बघेल, आणि २४ तास विसरा.

खडा चिमटीत, म्हणजे चार बारीक पायांत धरलेला असेल तर पाय सपाट चिमट्याने समोरासमोरचे थोडे-थोडे दाबा, एकच पाय पूर्ण दाबला की खडा तिरका होतो. पितळेचा पाय दोन-तीनदा मागेपुढे झाला की तुटतो, तेव्हा एकदाच.

सावध: मागे फॉइल असलेला कुंदन किंवा खडा पाण्यात बुडवून धुवायचा नाही. कडेतून पाणी आत गेलं की फॉइल काळी पडते, खडा वरून चांगला पण आतून मेलेला दिसतो, त्यावर उपाय नाही, बदलायचाच. ओलसर फडक्याने पुसा, आणि सेंट-स्प्रे आधी मारून वाळू द्या, दागिना सगळ्यात शेवटी घाला.

धुणं आणि ठेवणं

ब्लाउज उलटा करून, गार पाण्यात, हाताने, न पिळता. ड्रायक्लीनच्या रसायनाने बऱ्याच गोंदांचा जोर जातो, द्यायचाच असेल तर खडे लावलेत हे तोंडाने सांगून द्या. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने आणि खड्यांची जागा सोडून, कारण ज्या उष्णतेने खडा चिकटला त्याच उष्णतेने तो सुटतो. सिल्कच्या साडीच्या घडीत खड्याचा ब्लाउज नुसता ठेवू नका, मध्ये सुती फडकं हवं, नाहीतर साडीचे धागे ओढले जातात आणि मग साडी माझ्याकडे येते, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

उरलेले खडे छोट्या प्लास्टिक पुडीत घालून त्यावर साइज लिहा आणि ब्लाउजच्या हँगरलाच अडकवा. कार्यक्रमातच खडा पडला तर झटपट गोंद शोधत फिरू नका, खडा रुमालाच्या गाठीत बांधा, ती जागा पदराखाली घ्या आणि फोटो दुसऱ्या बाजूने काढा. वहिनींच्या लेकीने शेवटी तेच केलं, अल्बममध्ये डावी बाही एकाही फोटोत नाही.